हवेसाठी फाट्यावर कायले?

खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या, डिझेलचा कॅन, औषधाच्या बाटल्या. मिरग लागायच्या आधी आम्ही हे सगळं घरात आणून ठेवतो. हवा मात्र कुणी आणून ठेवत नाही. ती फाट्यावर असते, पंक्चरवाल्याच्या टपरीतल्या टाकीत. आणि ती तिथे असते म्हणून ऐन पेरणीत ट्रॅक्टरचं पुढचं चाक, टायरची बंडी, स्कुटी, ढकलगाडा या सगळ्यांना तिच्या दारात जावं लागतं. दुकान उघडं असेल तर ठीक.

मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर आणि सोयाबीन करते. घरचे जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे वावर माझ्याकडे. माझं म्हणणं एवढंच, की हवा हीसुद्धा बियाण्यासारखीच निविष्ठा आहे आणि ती वावरात हजर पाहिजे. बॅटरीवर चालणारा, एका हातात उचलता येणारा हवेचा पंप आता कुठेही मिळतो. शहरात तो कारच्या डिक्कीत पडून असतो आणि वर्षातून एकदा वापरला जातो. त्याची खरी गरज ज्याला आहे, त्या शेतकऱ्याचा विचार करून मात्र तो कुणी बनवत नाही आणि विकतही नाही. तक्रार आहे ती याची.

आमच्याकडे टायरचे वैरी दोन. एक बाभळीचा काटा. पांदणीच्या दोन्ही अंगाला वेडी बाभूळ माजलेली असते. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ओढून नेताना काटे वाटेवर पडतात, आणि पहिल्या पावसाच्या चिखलात ते दिसत नाहीत. दुसरं धसकट. तूर विळ्याने तिरपी सोंगली की जमिनीत उरलेला खुंट वाळून असा टोकदार होतो, की त्याच्यापुढे टायर काय आणि पायातली चप्पल काय. धसकट एका झटक्यात ट्यूब फोडतं. काटा तसं करत नाही. तो आत रुतून बसतो, हवा हळूहळू उतरत राहते, आणि सकाळी पाहावं तर चाक बसलेलं. फुटलेल्या ट्यूबला हा पंप काही करू शकत नाही, तिथे पंक्चरवालाच लागतो. पण उतरलेल्या चाकात हवा भरून दिवसाचं काम उरकता येतं, आणि पंक्चर संध्याकाळी सोयीने काढता येतं. वापसा आलेल्या दिवशी वाचलेला अर्धा दिवस म्हणजे काय, हे ज्याने दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत ढगांकडे डोळे लावलेत त्यालाच कळेल.

कुणी म्हणेल, पेट्रोल पंपावर हवा फुकट असते. असते खरी. पेट्रोल पंपांनी गिऱ्हाइकाला हवा आणि पाणी मोफत द्यावं, असा तेल कंपन्यांचा नियमच आहे. आमच्या वाटेवरच्या पंपावर ते यंत्र आहेही, फक्त त्यावर पोतं टाकलेलं असतं. आणि ते चालू असलं तरी नांगर अडकवलेला ट्रॅक्टर किंवा भरलेली बंडी तिथवर न्यायची कुणी? मग शेतातच विजेचा कॉम्प्रेसर का बसवत नाही? तर शेतीची थ्री फेज लाइन आम्हाला आठ तास, तीही आलटून पालटून, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. सौर वाहिनीतून दिवसा वीज मिळेल असं 2017 पासून ऐकतो आहोत. काही फिडरवर ती आलीही आहे, आमच्यावर अजून यायची आहे. लाइन नसताना टाकीचा कॉम्प्रेसर निव्वळ लोखंड.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही. फाट्यावरची टपरी हा बसण्याउठण्याचा अड्डा असतो. बाईमाणूस चाक घेऊन गेलं की आधी विचारणा होते, "ताई, घरी कोणी नाही का? तुमी कायले आल्या?" विचारणारा वाईट नसतो, बरेचदा तोच उठून चाक उतरवून घेतो. पण त्याचं काम होईस्तोवर मी तिथल्या बाकड्यावर बसून काय पाहायचं? वावरात निंदायला बाया लावलेल्या असतात, त्यांची मजुरी चालू असते. आमच्या जाऊबाई तर स्कुटीची हवा उतरली तर ती तशीच रेटतात आणि टायर खराब करून घेतात, पण फाट्यावर थांबत नाहीत. त्यांना मी चुकीचं म्हणत नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो, त्याचा टायरशी संबंध नाही. तो फवारणीचा आहे.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या त्या खाटा ज्यांनी पाहिल्या ते विसरणार नाहीत. नंतर एसआयटी आली, अहवाल झाले, औषधं एकमेकांत मिसळू नका, हातमोजे घाला, मास्क बांधा, असे फलक लागले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडासमोर मारावा लागत होता, वारा पडलेला असे, हे सगळं बोललं गेलं. मात्र एक साधी सवय तेव्हाही फारशी कुणी बोलून दाखवली नाही. नोझल तुंबलं की माणूस काय करतो? काढतो, शर्टाला पुसतो आणि तोंडाने फुंकतो.

औषधाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नोझल तोंडाने फुंकू नये. लिहिणाऱ्याने एकदा टाकी पाठीवर घेऊन तासाच्या मधोमध उभं राहून पाहावं. गाळणीतून निसटलेला कचरा किंवा पाण्यात नीट न विरघळलेली पावडर नोझलच्या केसाएवढ्या भोकात अडकते. टाकीत औषध कालवलेलं आहे, ऊन वाढतं आहे, जवळ तार नाही, ब्रश नाही. तोंड मात्र जवळ आहे. म्हणून ओठांना तेच लागतं, जे कपाशीवरच्या अळीला मारायला आणलेलं असतं. तार घालणाराही असतो, पण तारेने भोक मोठं होतं, फवारा जाड पडतो आणि औषध जास्त जातं.

या बॅटरीच्या पंपासोबत फुटबॉलमध्ये हवा भरायची एक सुई येते. नोझल आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं, हातात मोजे घालायचे, तोंडापासून लांब धरायचं आणि सुईने उलट्या बाजूने हवा मारायची. दोन-चार सेकंदांत भोक मोकळं. खरं सांगायचं तर एक जुना टूथब्रश आणि खिशात दोन जादा नोझल ठेवली तरी हेच काम होतं, आणि त्याला काहीच खर्च नाही. पण गेली इतकी वर्षं टूथब्रश सगळ्यांच्या घरात होता आणि तरी लोक फुंकतच होते. मशीन आलं की माणसाला ते वापरून पाहायचं असतं. आमचा सालदार, ज्याला मी ब्रश घे म्हणून सांगून थकले, तो आता नोझल तुंबलं की धुऱ्यावर येऊन म्हणतो, "बाई, ते मशीन द्या बरं." मला तेवढं पुरे आहे. कृषी विभाग फवारणीच्या सुरक्षा किटमध्ये चष्मा आणि मास्क देतो. त्यात एक ब्रश, दोन नोझल आणि गावामागे असा एखादा पंप का नसावा?

इतकं कौतुक केल्यावर या पंपाची दुसरी बाजूही सांगायला हवी. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, "150 पीएसआय". गिऱ्हाईक ते वाचून खूश. विहिरीवरची मोटर घेताना आपण दुकानदाराला हेड किती आणि डिस्चार्ज किती, दोन्ही विचारतो. हवेच्या पंपाचंही तेच आहे. पीएसआय म्हणजे हेड. डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा, आणि तो आकडा खोक्यावर एकतर बारीक असतो किंवा नसतोच. हातातले हे पंप मिनिटाला साधारण दहा-पंधरा लिटर हवा देतात. पंक्चरवाल्याचा टाकीचा कॉम्प्रेसर शंभराच्या पुढे देतो, वर टाकीत भरून ठेवलेली वेगळीच.

यावरून हिशेब करा. स्कुटीच्या टायरमध्ये जागा पाच-सहा लिटरची, काम मिनिट-दीड मिनिटाचं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची हवा दहा पीएसआयने वाढवायची तर दोन-तीन मिनिटं. मागचं मोठं टायर दोनशे लिटरच्या वरचं असतं, पण त्याला दाब कमी लागतो, म्हणून तीन-चार पीएसआय वाढवायला पाच-सहा मिनिटं पुरतात. ट्रॉलीचं टायर मात्र या पंपाचं काम नाही. सत्तर-ऐंशी लिटरची जागा आणि भरल्या मालाला साठ-सत्तर पीएसआयचा दाब, म्हणजे रिकाम्या चाकाला जवळजवळ अर्धा तास. तेवढ्यात पंपाची मोटर भाजून निघते. हवा दाबली की ती तापते, त्यामुळे पितळी तोंडाला हात लावला तर चटका बसतो. पाच-दहा मिनिटं चालवून पंपाला विसावा द्या, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही आणि मग पंप बिघडला की कंपनीला शिव्या घालतात. ट्रॉलीसाठी फाट्यावरच जावं. तिथे दाबही मोठा असतो, चाकाची रिंग उडून माणूस जायबंदी होण्याचा धोकाही असतो, ते काम जाणत्या माणसाचं.

मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणल्याशिवाय पंप लावू नका. नाहीतर पाणी उलट पंपात शिरतं. साध्या सायकलला तर हे तोंड बसतच नाही, तिचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याला सुटा जोड लागतो. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकली गावात एवढ्या आहेत, तरी तो साधा जोड खोक्यात बरेचदा नसतो. फुटबॉलची सुई असते. कुणासाठी बनवलं आहे, हे त्यावरूनच समजून घ्यावं.

हवेच्या दाबाचा संबंध जमिनीशीही आहे, आणि आमच्याकडे त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. टायरमध्ये जितका दाब, साधारण तितकाच दाब ते चाक जमिनीवर टाकतं. नांगरणी-वखरणीला मागच्या टायरमध्ये बारा-चौदा पीएसआय पुरे होतात. पण भाड्याचा ट्रॅक्टरवाला सडकेवर ट्रॉली ओढतो, म्हणून हवा टणक ठेवतो आणि तसाच ओल्या काळ्या जमिनीत उतरतो. चाक घसरतं, डिझेल जळतं, खाली जमीन दडपून घट्ट होते, आणि पुढे पऱ्हाटीची मुळं तिथेच अडतात. त्याला मी म्हटलं, हवा थोडी कमी करा, जाताना भरून देते, पंप आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बैलाचं शिंग कापायला सांगितलं. हवा सोडणं एका मिनिटाचं आणि भरणं दोन्ही चाकांचं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं, विसाव्यासकट. त्याचा तासाचा दर पाहता त्याला ते परवडत नाही, हेही खरं. पण ज्याचा ट्रॅक्टर स्वतःचा आणि वावर स्वतःचं, त्याला काय अडचण आहे?

मुळात व्यवहारात चालेल असं हवेचं टायर काढलं ते एका गुरांच्या डॉक्टरने. बेलफास्टचा जॉन बॉइड डनलॉप, 1888 साल, पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. ट्रॅक्टरला हवेची चाकं लागायला मात्र 1932 उजाडलं, तीही अमेरिकेत. त्याआधी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असायची. आमच्या आजेसासऱ्यांच्या बंडीला लाकडी चाक आणि लोखंडी धाव होती. धाव सैल झाली तर गावातला लोहार बसवून द्यायचा. बंडीला टायर आले, बैलांचा त्रास कमी झाला, पण दुरुस्ती गावातून उठून सडकेवर गेली.

पुन्हा पंपाकडे येते. धूळ झाडायला तो घेऊ नका. सोयाबीन काढताना रेडिएटरच्या जाळीत कुटार बसतं, ते काढायला हवेचा झोत मोठा लागतो, त्याचा ब्लोअर वेगळा मिळतो. एअर फिल्टरला तर जपूनच हवा मारावी, आतून बाहेर, तीही कमी दाबाने, नाहीतर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात. आणि अंगावरचं भुसकट हवेने झाडायची थट्टामस्करी कुठल्याच कॉम्प्रेसरने करू नये. कारखान्यांत त्यातून जीव गेलेले आहेत.

आता बॅटरी. खरी मेख तिथे आहे. आमच्या गावात जवळपास प्रत्येक घरात फवारणीचा बॅटरी पंप आहे. त्याची बॅटरी वेगळी, हवेच्या पंपाची वेगळी, गवत कापायच्या मशीनची वेगळी. प्रत्येक कंपनीचा खाचा निराळा आणि चार्जर निराळा. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या अवजारात शिरू नये, अशी पक्की तजवीज केलेली असते. माझ्या पुतण्याने फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला कारसाठी मिळणारा वायरवाला हवेचा पंप जोडून दाखवला, मध्ये फ्यूज घालून. चालतो. म्हणजे जमत नाही असं नाही, कुणाला करायचं नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने तर हा वायरवालाच घ्यावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला क्लिपा लावल्या की झालं, आणि पैसेही कमी. बिनवायरचा लागतो तो ज्याच्याकडे बंडी आणि स्कुटीच आहे त्याला, म्हणजे आमच्यातल्या बहुतेकांना.

या पंपांची लिथियम बॅटरी उन्हाला भिते. पंचेचाळीस अंशांच्या वर तिला चार्ज करू नये. आमच्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते, मग टिनाच्या शेडमध्ये काय असेल! तिला घरात, माठाजवळच्या कोपऱ्यात ठेवावं लागतं. दोन-तीन हंगामांनी ती दमली की नवी बॅटरी जवळजवळ नव्या पंपाच्या किमतीत, तीही मिळाली तर. जुनी कुणी घेत नाही. शिशाची बॅटरी भंगारवाला दारातून पैसे देऊन नेतो. लिथियमची त्याला दाखवली तर हात झटकतो, "ताई, हे आपलं काम नाही."

बॅटऱ्या बनवणाऱ्यांनी त्या परत गोळा कराव्यात, असा नियम केंद्र सरकारने 2022 मध्येच केला आहे. त्याच साली दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली आणि त्यात शेतीच्या अवजारांचं क्षेत्र घेतलं. म्हणजे कागद तयार आहेत. आता तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जुन्या बॅटरीसाठी एक पेटी ठेवा, आणि जो बॅटरी विकतो त्याच्यावर ती परत घ्यायची सक्ती करा. महाडीबीटीवर या पंपाला अनुदान द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. एखाद्या अवजाराला अनुदान लागलं की त्याची किंमत कशी वर चढते, हे आम्ही पाहिलेलं आहे. शिवाय दोन-चार हजारांच्या वस्तूसाठी अर्ज आणि कागदपत्रं, यात माणसाचे दोन दिवस जातात. अनुदानाऐवजी बॅटरीचा खाचा एक करा. मोबाइलच्या चार्जरचं तोंड एक होऊ शकतं, तर फवारणी पंपाचं आणि हवेच्या पंपाचं का नाही?

तोवर आमच्या बचत गटाने स्वतःपुरता मार्ग काढला आहे. गटाच्या पैशातून एक बरा पंप घ्यायचा, दोन बॅटऱ्यांसह, सायकलचा जोड वेगळा विकत घेऊन. ज्याला लागेल त्याने चाकामागे पाच रुपये गटाच्या डब्यात टाकायचे, शाळेच्या सायकलीला फुकट. पंप कुणाच्या घरी ठेवायचा, हे एका बैठकीत ठरलं. चार्जरवर मात्र भांडण झालं. ज्यांच्या घरी पंप, त्यांच्याच घरी चार्जर ठेवला तर त्या आपलीच चाकं आधी भरतील, असं दोघींचं म्हणणं आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक आहे.